वाऱ्याकडची बाजू

मॉरिशसला जायचं ठरवलेल्या माणसाला सगळ्यात आधी हॉटेल शोधावं लागतं आणि घोळ तिथेच होतो. मोबाइलवर पाहिलं तर सगळी हॉटेलं एकाच जागी बांधल्यासारखी दिसतात. तेच हिरवट निळं पाणी, तीच पांढरी वाळू, पाण्याकडे झुकलेला तोच एक माड. हॉटेल बेटाच्या कुठल्या अंगाला आहे, हे नकाशा उघडल्याशिवाय कळत नाही आणि नकाशा उघडला तरी त्यात वारा दिसत नाही. त्या बेटावर राहण्याची जागा निवडताना मात्र आधी वाराच बघायला हवा.

ओळखीतलं कुणी ना कुणी दर वर्षी विचारतं, "पूर्वेला राहू की पश्चिमेला?" प्रवासी कंपन्या बहुतेकांना पश्चिम किंवा उत्तर सुचवतात आणि त्यांचं म्हणणं खोटं नसतं. तरी मी सांगते, निदान अर्धे दिवस तरी वाऱ्याकडच्या बाजूला, आग्नेय किनाऱ्यावर राहा. एवढ्यावर समोरच्याचं समाधान होत नाही. होऊही नये. फोनवर जे अर्धवट राहतं ते इथे नीट लिहिते.

बेट तसं लहान. उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४५. मुंबई-पुणे अंतराच्या निम्म्याहून कमी वाटेत एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडे पोचता येतं. पण ही वाट सपाट नाही. बेटाच्या मधोमध पठार आहे आणि पठाराच्या कडेने झिजलेल्या ज्वालामुखीचे सुळके उभे आहेत. हिंदी महासागराच्या या पट्ट्यात जवळजवळ वर्षभर आग्नेयेकडून वारा वाहतो. शाळेच्या भूगोलात आपण व्यापारी वारे म्हणून पाठ केले होते, तेच हे. मॉरिशसच्या पूर्वेला रॉड्रिग्ज हे छोटं बेट सोडलं तर पार ऑस्ट्रेलियापर्यंत पाणीच पाणी. त्यामुळे वारा येतो तो अडथळ्याविना, ओलावा घेऊन. किनारा ओलांडून पठारावर चढताना तो थंड होतो, पाऊस टाकतो आणि रिकाम्या हाताने पश्चिमेकडे उतरतो. पठारावर वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी १००० सुद्धा होत नाही.

मराठी माणसाला हे समजायला जड नाही. महाबळेश्वरला धुक्यात भिजून, वाई मागे टाकून खटाव-माणच्या बाजूला गेलेल्या कुणालाही घाटमाथा म्हणजे काय आणि पर्जन्यछाया म्हणजे काय, हे अंगाने माहीत असतं. फरक दिशेचा. आपल्याकडे पाऊस मावळतीकडून येतो, तिथे उगवतीकडून. आणि आपल्याकडे जो बदल दिवसभराच्या प्रवासात दिसतो, तो तिथे सकाळच्या एका बसप्रवासात दिसतो.

तो प्रवास मी आवर्जून सुचवते. माहेबूर हे आग्नेयेचं गाव. तिथून निघालं की आधी दोन्ही बाजूंना ऊस. वाऱ्याने सगळा ऊस एकाच दिशेला कललेला असतो. मग बस चढायला लागते, काचांवर थेंब येतात आणि साडेपाचशे मीटर उंचीवरच्या क्युरपीपला पोचेपर्यंत उष्ण कटिबंधातलं बेट कुठे गेलं, असं वाटावं. ढग घरांच्या छपरांना टेकलेले, बायका स्वेटर घालून बाजारात, प्रत्येकाच्या हातात छत्री. तिथे बस बदलून पश्चिमेला उतरायला लागलं की तासाभरात रंग पालटतो. गवत पिवळं पडत जातं, झाडं खुरटी आणि काटेरी होतात, आभाळ कोरडं निळं. फ्लिक-आँ-फ्लाकला उतरलं तेव्हा सकाळी माहेबूरला घातलेलं जाकीट हातात होतं आणि डोळे उन्हाने बारीक झाले होते.

पश्चिम सुंदर नाही असं मी म्हणणार नाही. फ्लिक-आँ-फ्लाकचा किनारा लांबच लांब आहे आणि त्याच्या पाठीशी सुरूची रांग आहे. आपल्या गुहागर-हर्णैकडच्यासारखीच, तसाच झावळ्यांपेक्षा वेगळा, शिट्टीसारखा आवाज करणारी. रविवारी बेटावरची कुटुंबं डबे, चटया, ढोलक्या घेऊन त्या सावलीत येतात आणि दिवस मावळेपर्यंत हलत नाहीत. थोडं दक्षिणेला तामारँला समुद्राच्या पाण्यापासून मीठ करण्याचे जुने वाफे आहेत. मिठाला तीच जागा का, ते आता सांगायला नको. ऊन हवं, पाऊस नको, ते त्याच बाजूला मिळतं. सकाळी त्या खाडीत डॉल्फिन येतात, पण त्यांच्यामागे धावणाऱ्या बोटींची गर्दी मला बघवत नाही, त्यामुळे मी तो कार्यक्रम कुणाला सुचवत नाही. पाणी शांत, सूर्यास्त समुद्रात. लग्नानंतर चार दिवस निवांत हवे असलेल्यांना याहून जास्त काय लागतं?

उत्तरेबद्दल थोडक्यात. ग्राँ बेच्या आसपास दुकानं, उपाहारगृहं, रात्रीची वर्दळ, बोटींचे फेरफटके. ज्यांना ते आवडतं त्यांनी खुशाल तिथे राहावं.

आता आग्नेयेकडे येते, कारण मला सांगायचं आहे ते तिथलं आहे. हे बेट माणसांनी वापरायला सुरुवात केली ती वाऱ्याकडच्या बाजूने. १५९८ साली डच जहाजं आली ती आग्नेयेच्या मोठ्या उपसागरात. माहेबूरसमोरचं पाणी ते हेच. भरपूर गोडं पाणी, लाकूड, आणि माणसाला न घाबरणारे पक्षी. राजपुत्र मॉरिस याच्या नावावरून डचांनी बेटाला नाव दिलं, १६३८ साली तिथेच वस्ती केली, जावा बेटावरून ऊस आणि हरणं आणली, आबनूस तोडला. १७१० साली ते निघून गेले. ते गेले तेव्हा डोडो संपलेला होता. ऊस राहिला, हरणं राहिली आणि जहाजांतून उतरलेले उंदीर राहिले.

मागून फ्रेंच आले. त्यांच्यासमोर दोन बंदरं होती. एक आग्नेयेचं, डचांनी वापरलेलं, प्रशस्त. दुसरं वायव्येचं, लहान, पण डोंगरांच्या आडोशाला. शिडाच्या जहाजांचा काळ. आग्नेयेच्या बंदरात शिरणं सोपं, वाराच आत ढकलतो. बाहेर पडणं मात्र कर्मकठीण, कारण तोच वारा तोंडावर येतो आणि वाट प्रवाळांच्या मधल्या अरुंद फटीतून आहे. वायव्येला वारा पाठीशी असतो, जहाज सहज समुद्रात निघतं. १७३५ साली गव्हर्नर होऊन आलेल्या ला बूर्दोनेने वायव्येची बाजू घेतली. गोदी, कोठारं, इस्पितळ, सरकारी वाडा, सगळं तिथे उभं केलं. आजची राजधानी पोर्ट लुई ती हीच. आग्नेयेचं बंदर मागे पडलं आणि मागेच राहिलं.

मला हा निर्णय फार मोठा वाटतो. आज त्या बेटावर जे काही गजबजलेलं आहे, बँका, कचेऱ्या, मेट्रो, दुकानांचे मजले, ते बहुतेक पोर्ट लुईपासून पठारावर चढत जाणाऱ्या पट्ट्यात आहे. आग्नेयेला कोळ्यांची गावं राहिली, उसाची शेतं राहिली, डोंगरांवर थोडं मूळचं रान राहिलं. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी शिडांच्या सोयीसाठी घेतलेला एक निर्णय, आणि आपण आज हॉटेल शोधताना त्याच्याच खुणांवर बोट ठेवत असतो. पूर्व शांत का, पश्चिम महाग का, उत्तर गजबजलेली का, यांची मुळं पुष्कळशी वाऱ्यात आहेत.

इंग्रजांनीही बाजूची किंमत मोजली. १८१०च्या ऑगस्टमध्ये त्यांनी याच आग्नेयेच्या उपसागरात फ्रेंचांशी झुंज घेतली. नकाशावर दिसतं तेवढं ते पाणी मोकळं नाही. वर निळं, खाली प्रवाळाचे उंचवटे. इंग्रजांची जहाजं त्यांवर चढून अडकली आणि अडकलेल्या जहाजाला तोफा वळवता येत नाहीत. चार फ्रिगेटी, म्हणजे शिडाची लढाऊ जहाजं, गेल्या. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला इंग्रजांविरुद्धचा हा एकमेव आरमारी विजय. माहेबूरच्या संग्रहालयाची इमारत म्हणजे त्या काळचा एक वाडा. लढाईनंतर फ्रेंच सेनापती दुपेरे आणि इंग्रज कप्तान विलोबी या दोघा जखमींना त्याच छपराखाली उपचारांसाठी ठेवलं होतं. त्या खोल्यांतून फिरताना मला लढाईपेक्षा हीच गोष्ट जास्त खरी वाटत राहिली. दोन शत्रू पलीकडच्या खोल्यांत कण्हत पडलेले आणि बाहेर तोच वारा.

काही महिन्यांनी इंग्रज पुन्हा आले. नोव्हेंबरच्या अखेरीस, हिंदुस्थानातून निघालेल्या पलटणी घेऊन. या वेळी त्यांनी आग्नेयेचं नाव काढलं नाही. उत्तरेच्या टोकाला, प्रवाळातली वाट आधी नीट तपासून, ते काप मालरोजवळ उतरले आणि ३ डिसेंबरला बेट त्यांच्या हातात आलं. शरणागतीच्या अटींत रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रूढी राखायचं कबूल झालं. दीडशेहून अधिक वर्षं इंग्रजांचं राज्य असूनही रस्त्यावर क्रिओल ही फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली आणि फ्रेंच कानावर पडते, तिची एक गाठ त्या अटींत आहे.

बाजू निवडण्याची ही चर्चा आपण पर्यटक किती सहज करतो. त्या बेटावर बहुतेक माणसं बाजू निवडून आलेली नाहीत. आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम करून आणलेल्यांना मळेवाल्याची जमीन जिथे असेल ती बाजू. त्यांतले काही पळाले. नैऋत्येच्या कोपऱ्यात ल मोर्न नावाचा डोंगर समुद्रात घुसल्यासारखा उभा आहे. ५५६ मीटर उंच, कडे असे तुटलेले की चढायची एकदोनच वाट. पळालेल्या गुलामांनी तिथल्या कपारींत आसरा घेतला. तिथे सांगतात की १८३५च्या फेब्रुवारीत गुलामी संपल्याची बातमी द्यायला शिपाई डोंगर चढू लागले, तेव्हा आपल्याला पकडायलाच आले आहेत असं समजून वरच्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ही तोंडी चालत आलेली कथा आहे. २००८ साली युनेस्कोने त्या डोंगराला जागतिक वारशात घेतलं. आता डोंगराच्या पायथ्याशी पतंगाला बांधून लाटांवर धावणाऱ्यांची गर्दी असते, कारण बेटाच्या त्या कोपऱ्यावर वारा वळसा घालून जोरात येतो. मी तिथे उभी राहिले तेव्हा समुद्राकडे कमी आणि कड्याकडे जास्त वेळ बघत होते.

आणि मग आपली माणसं. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलस नावाच्या जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले आणि तिथून करारावरच्या मजुरांचा ओघ सुरू झाला. १९२०पर्यंत जवळपास पाच लाख माणसं त्या धक्क्यावरून गेली. काही तिथून पुढे दुसऱ्या वसाहतींत, बहुतेक याच बेटावरच्या उसात. बिहारकडची सर्वांत जास्त, मग तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून निघालेली मराठी. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतली. त्या धक्क्याला आज आप्रवासी घाट म्हणतात. सोळा दगडी पायऱ्या आहेत. पायऱ्या चढून आलेल्या माणसाची नोंद व्हायची आणि कुठल्या मळ्यावर जायचं ते कागदावर लिहिलेलं असायचं. कुणाला क्युरपीपच्या पावसात, कुणाला पूर्वेच्या वाऱ्यात, कुणाला पश्चिमेच्या उन्हात.

मराठी कुटुंबं पठारावरही आहेत, पण बरीचशी पश्चिम-नैऋत्येच्या अंगाला, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात रुजली. कास्कावेलच्या बाजूला उसाच्या कडेने जाताना देवळावर मराठी अक्षरं दिसतात आणि पाऊल आपोआप थांबतं. तिथल्या मराठी घरांत आता बोलणं क्रिओलमध्येच चालतं. मराठी आहे ती आरत्यांत, अभंगांत, शाळेत विषय म्हणून, आणि मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत पुढच्या शिक्षणात. गणेशचतुर्थीला देशाची सार्वजनिक सुट्टी असते. आणि गणपतीत झाकरी होते. आपल्या रत्नागिरीची जाखडी. मधे ढोलकी-मृदंग, भोवती फेर, पायांत चाळ. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी बोटीतून गेलेल्या एका नाचाने अजून गाव सोडलेलं नाही, हे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

फ्लिक-आँ-फ्लाकला सुरूखाली बसलेल्या एका आजोबांशी बोलणं झालं. मी मोडक्या फ्रेंचमध्ये सुरू केलं, त्यांनी माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून "मराठी?" असं विचारलं. पुढचं सगळं हिंदी, मराठी आणि क्रिओलच्या मिश्रणात. त्यांच्या आजोबांचे वडील रत्नागिरीहून आले होते. गावाचं नाव कागदावर होतं, पण लिहिणाऱ्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे ते नेमकं कुठलं गाव हे घरात कुणालाच उलगडलेलं नाही. मी माझ्या परीने चार-पाच नावं म्हणून पाहिली, एकही जुळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "ताई, तिकडे सूर्य समुद्रातच बुडतो ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग त्यांना इथे तेवढं तरी ओळखीचं होतं."

पश्चिमेला जाण्याचं माझ्या लेखी हे कारण आहे. सूर्यास्ताच्या फोटोंहून फार मोठं.

पण मुक्काम माहेबूरला. गाव लहान, घरं बुटकी, रस्ते काटकोनात. समोर उपसागर, डाव्या हाताला बसलेल्या सिंहासारखा डोंगर, आणि दूरवर पाण्यात एक पांढरी रेघ. ती प्रवाळाची कडा. जवळजवळ सगळ्या बेटाभोवती अशी कडा आहे आणि म्हणूनच वाऱ्याकडच्या बाजूलाही पोहता येतं. महासागराची लाट त्या रेघेवर फुटते, आत येतं ते उथळ, वाऱ्याने चुरगळलेलं पाणी. रात्री सगळं सामसूम झालं की ती गाज ऐकू येते. पहिल्या रात्री झोप लागत नाही. दुसऱ्या रात्रीपासून तिच्याशिवाय चैन पडत नाही.

वारा त्या गावात घरातल्या माणसासारखा वावरतो. खिडक्यांच्या झडपांना पक्क्या कड्या, दोरीवरच्या कपड्यांना दुहेरी चिमटे, बोलणारी माणसं आपोआप वाऱ्याकडे पाठ करून उभी. कोळी बोटी काढायच्या आधी पाण्याकडे बघत नाहीत, समोरच्या झाडांच्या शेंड्यांकडे बघतात. सोमवारी मोठा बाजार भरतो. भाजी, कापड, प्लास्टिकच्या बादल्या, आणि ढोल पुरी. ही ढोल पुरी म्हणजे डाळीचं पुरण भरलेली पोळी, पण गोड नाही. आत जिऱ्या-हळदीची वाटलेली डाळ, वर वालासारख्या दाण्यांची उसळ आणि चटणी, गुंडाळून कागदात देतात. बिहारी हातांनी नेलेला पदार्थ आणि आता साऱ्या बेटाचा. भोवतालच्या तव्यांचा वास वाऱ्याबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत जातो. गावात कसाव्याच्या पिठाची बिस्किटं करणारा १८७०पासूनचा एक छोटा कारखाना आहे. तव्यावर हाताने भाजलेली ती बिस्किटं खाल्ली की बेट गव्हाशिवाय कसं जगलं असेल, ते थोडं कळतं.

बोटीने दहा मिनिटांवर ईल ओ एग्रेत. २६ हेक्टरचं, प्रवाळाच्या दगडाचं सपाट बेट. डचांनी पाहिलेलं किनाऱ्यावरचं रान कसं होतं, हे समजायला आज तीच जागा उरली आहे. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनच्या लोकांनी तिथलं परकं झाडझाडोरा काढून, उंदीर हटवून, आबनुसाची रोपं लावून ते पुन्हा उभं केलं. फिकट गुलाबी छातीचं कबूतर तिथे हाताच्या अंतरावर येऊन बसतं. १९९०च्या सुमाराला रानात ही कबुतरं दहाएक उरली होती. मुख्य बेटावर, याच बाजूच्या डोंगरांत, मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा ससाणा आहे, आपल्या खरुचीचा भाऊबंद. १९७४ साली रानात माहीत असलेले केस्ट्रेल चार होते. चार! पिंजऱ्यात अंडी उबवून, पिल्लं वाढवून, रानात सोडून माणसांनी त्यांना परत आणलं. ज्या किनाऱ्यावर माणूस उतरला आणि डोडो संपला, त्याच किनाऱ्यावर हे काम चाललं आहे. मला बेटावरच्या कुठल्याही तलावापेक्षा, धबधब्यापेक्षा हे दाखवावंसं वाटतं.

आणि याच किनाऱ्यावर २५ जुलै २०२०ला वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं प्रचंड जहाज प्रवाळावर चढलं. प्वँत देस्नीसमोर, ब्लू बेच्या संरक्षित सागरी उद्यानाच्या जवळ. ऐन हिवाळा, वाऱ्याचे दिवस. जहाज अडकून राहिलं, लाटा आदळत राहिल्या आणि ६ ऑगस्टला टाकी फुटली. सुमारे हजार टन तेल. वारा किनाऱ्याकडे, त्यामुळे तेलही किनाऱ्याकडे. सरकारी मदत पोचेपर्यंत वाट न बघता माणसं समुद्राकडे निघाली. उसाची तोडणी चालू होती. शेतातलं पाचट आणून, कापडाच्या लांब पिशव्यांत कोंबून, प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या बांधून त्यांनी तरंगते बांध शिवले. माहेबूरच्या धक्क्यावर शेकडो माणसं बसून शिवत होती. केशकर्तनालयांतून केस गोळा झाले, कारण केस तेल धरून ठेवतात. ऊस, ज्याच्यासाठी त्यांच्या पणज्यांना तिथे आणलं गेलं, त्याच्याच पाचटाने ते समुद्र अडवत होते.

मी ते टीव्हीवर पाहिलं, टाळेबंदीत, घरात बसून. नंतर तिथे गेले तेव्हा धक्क्यावर एका बाईने हाताने दाखवलं, इथून तिथपर्यंत काळं होतं. तिचा नवरा मासेमारी करतो. त्या वर्षी त्याला समुद्रात जायची बंदी होती. ती सांगत होती तेव्हा तिच्या आवाजात राग होता आणि तो अजून गेलेला नव्हता. जाऊही नये.

दक्षिणेचं एवढंच सांगते की सुयाकजवळ ग्री ग्रीला प्रवाळाची कडा तुटते. तिथे लाट थेट काळ्या कड्यावर येते. पोहायला जागा नाही, मुलांना हात धरून उभं राहायचं. एक दुपार तिथे द्या, म्हणजे बाकी किनाऱ्यांवर ती पांढरी रेघ काय काम करते ते नीट समजेल.

ऋतूंचं बघूनच ठरवा. जून ते सप्टेंबर तिथला हिवाळा, आग्नेयेचा वारा सगळ्यात जोरात. पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर संध्याकाळी अंगावर काहीतरी लागतंच, पश्चिमेला त्याच दिवशी ऊन मऊ असतं. डिसेंबर ते मार्च उन्हाळा. तेव्हा पश्चिम किनारा घामट होतो आणि वाऱ्याकडची बाजू सुखाची वाटते, मात्र हेच वादळांचेही महिने, तेव्हा हवामान खात्याच्या इशाऱ्यांवर लक्ष हवं. ऑक्टोबर-नोव्हेंबर मला सगळ्यात आवडतात. वारा उतरलेला, पाणी गरम व्हायला लागलेलं, पाऊस अजून दूर.

माझी मावसबहीण या वर्षी गणपतीच्या दिवसांत निघाली आहे. मुलांच्या सुट्ट्या आणि नवऱ्याची रजा तेव्हाच जुळते. बरोबर आमची मावशी, गुडघे दुखणारी, आणि गणपतीत घर सोडून जायचं म्हणून नाराज. मी त्यांना माहेबूरला खोल्या बघायला सांगितल्या, विमानतळ तिथून अगदी जवळ आहे, मावशीला पहिल्याच दिवशी गाडीत ताटकळायला नको. मुलांना पोहायला ब्लू बे. कबुतरांच्या बेटावर सगळ्यांनी जायचं, तिथली वाट सपाट आहे. स्वेटर न्या, मावशीसाठी कानटोपी न्या, सोमवारचा बाजार धरून दिवस लावा. आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी सामान उचलून पश्चिमेला जा, कास्कावेलच्या जवळपास. तिथे आरतीला कुणीही उभं राहू शकतं. मावशीने एवढं ऐकलं आणि विचारलं, नैवेद्याला मोदक उकडीचे असतात की तळणीचे? मला ठाऊक नव्हतं. तिने मोदकाचं पात्र बॅगेत घातलं आहे.